बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव : एका उपचाराची कुळकथा आणि त्याचे प्रमाण

रुग्णाच्याच नीलेतून थोडे रक्त काढावे, ते केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून त्यातील बिंबाणूंचा, म्हणजे प्लेटलेट्सचा, अंश वेगळा करावा आणि तो अंश त्याच रुग्णाच्या दुखावलेल्या कंडरेत, झिजलेल्या सांध्यात अथवा दीर्घकाळ न भरणाऱ्या व्रणावर सोडावा, असा एक उपचार गेल्या तीन दशकांत जगभर रूढ झाला आहे. ‘बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव’ हे त्याचे शास्त्रीय नाव असून व्यवहारात तो ‘पीआरपी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

या उपचारासंबंधी दोन विधाने बहुधा एका श्वासात केली जातात. बिंबाणूंमध्ये पेशींच्या वाढीस उत्तेजन देणारी द्रव्ये असतात व ती जखम भरून येण्यास साहाय्य करतात, हे पहिले विधान होय. म्हणून बिंबाणूंचे सांद्रण टोचल्यास दुखावलेले ऊतक भरून येते, हे दुसरे. पहिल्या विधानामागे प्रयोगशाळेतील दीर्घ कार्य उभे आहे. दुसऱ्याचा आधार मात्र अत्यंत विषम आहे : काही रोगांत तो बरा, काहींत दुबळा आणि काहींत जवळजवळ नाही. या दोन विधानांना जोडणारा ‘म्हणून’ हा शब्द कोणत्या टप्प्यावर व कोणत्या कारणांनी आला, आणि त्याच्या पाठीशी पुरावा कितपत आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. बिंबाणूंची ओळख

तांबड्या व पांढऱ्या पेशींच्या मानाने बिंबाणूंना शास्त्रात स्थान मिळण्यास पुष्कळ विलंब लागला. त्यांचा सूक्ष्म आकार हे याचे एक कारण. बिंबाणूचा व्यास दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या व्यासाच्या सुमारे एकतृतीयांश असतो. दुसरे कारण असे की, रक्त शरीराबाहेर येताच ते परस्परांना चिकटतात आणि त्यांचे मूळ रूप नाहीसे होते. १८४२ मध्ये फ्रान्समधील आल्फ्रेड दोने यांनी रक्तातील अशा सूक्ष्म कणांचा निर्देश केला. १८६५ मध्ये जर्मनीत माक्स शुल्ट्से यांनी त्यांच्या पुंजक्यांचे बारकाईने वर्णन केले. १८७४ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी लंडनमधील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. हे कण वाहत्या रक्तात सुटे असतात आणि काढलेल्या रक्तात त्यांचे पुंजके होतात, असे त्यांना आढळले होते. तथापि हे स्वतंत्र कण आहेत की अन्य पेशींचे तुकडे, हा प्रश्न तेव्हा सुटला नव्हता.

तो सोडविण्याचे मुख्य श्रेय इटलीतील तुरिन येथील जूलिओ बिझोझेरो यांच्याकडे जाते. १८८१-८२ मध्ये त्यांनी जिवंत प्राण्यांच्या आंत्रबंधातील सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि वाहिनीच्या भित्तीला इजा करताच तेथे सर्वांआधी हे कण येऊन चिकटतात, हे दाखवून दिले. रक्तस्राव थांबणे आणि वाहिनीत गुठळी होणे या दोन्ही क्रियांत त्यांचा वाटा आहे, हा बिझोझेरो यांचा निष्कर्ष आजही अबाधित आहे. अस्थिमज्जेतील अतिविशाल पेशीही त्यांनी पाहिल्या होत्या. परंतु बिंबाणू याच पेशींपासून उत्पन्न होतात, हे सिद्ध होण्यास १९०६ साल उजाडावे लागले. बॉस्टन येथील जेम्स होमर राइट यांनी स्वतः सिद्ध केलेल्या रंजकाच्या साहाय्याने दोहोंतील कणिका एकसारख्या रंगतात, हे दाखविले आणि त्यावरून हा संबंध जोडला. १९१० मध्ये विल्यम ड्यूक यांनी ज्यांच्या रक्तात बिंबाणू अत्यल्प आहेत अशा रुग्णांचा रक्तस्राव दुसऱ्याचे रक्त दिल्यावर थांबतो, आणि बिंबाणूंची संख्या पुन्हा घसरली की तो पुन्हा सुरू होतो, असे नोंदवून या कणांचे व्यवहारातील महत्त्व प्रस्थापित केले.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी बिंबाणूंचे कार्य ठरून गेले : फुटलेल्या वाहिनीला बूच मारणे. पुढील साठ वर्षे रक्तविज्ञानाने त्यांच्याकडे मुख्यतः याच दृष्टीने पाहिले. जखमेचे तोंड बंद करणारा हा कण जखम भरून आणण्याच्या कामातही सहभागी असेल, ही शंका रक्तविज्ञानाबाहेरून आली.

२. रक्तरस आणि रक्तद्रव

त्या शंकेचे मूळ समजण्यासाठी दोन शब्दांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. रक्त गोठू न देता त्यातील पेशी काढून टाकल्या असता जो द्रव उरतो तो रक्तद्रव. रक्त गोठू दिल्यावर गुठळीतून जो द्रव पाझरतो तो रक्तरस. दोहोंत फरक एवढाच की, रक्तरसात फायब्रिन बनविणारे प्रथिन उरलेले नसते, अशी सामान्य समजूत होती. परंतु गोठण्याच्या क्रियेत बिंबाणू आपल्या पोटातील द्रव्ये बाहेर टाकतात आणि ती रक्तरसात उतरतात. हा दुसरा फरक दीर्घकाळ कोणाच्या विशेष लक्षात आला नाही.

शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याच्या तंत्राने तो उघडकीस आणला. १९५५ मध्ये हॅरी ईगल यांनी अशा पेशींना लागणाऱ्या अमिनो अम्ले, जीवनसत्त्वे इत्यादी पोषकांची निश्चिती केली. तरीही एवढ्यावर पेशी वाढत नसत. माध्यमात थोडा रक्तरस घालावाच लागे. त्यात असे काय आहे, हे ठाऊक नसता प्रयोगशाळांनी तो नित्याचा घटक म्हणून स्वीकारला. १९७१ मध्ये सॅम्युअल बाल्क यांनी कोंबडीच्या तंतुजनक पेशींवर प्रयोग करताना रक्तरसात वाढणाऱ्या पेशी रक्तद्रवात मात्र नेहमीच्या परिस्थितीत वाढत नाहीत, असे नोंदविले. दोन्ही द्रव एकाच रक्तातून निघतात. तेव्हा हा फरक गोठण्याच्या क्रियेतच उत्पन्न होत असला पाहिजे, हे उघड होते.

निर्णायक प्रयोग १९७४ मध्ये झाला. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रसेल रॉस, जॉन ग्लॉमसेट, बेव्हर्ली करिया व लॉरेन्स हार्कर हे रोहिणीकाठिण्याचा अभ्यास करीत होते. रोहिणीच्या अस्तराला इजा झाल्यावर तेथे अरेखित स्नायुपेशींची बेसुमार वाढ का होते, हा त्यांचा प्रश्न होता. माकडाच्या रोहिणीतील या पेशी संपूर्ण रक्तापासून काढलेल्या रक्तरसात जोमाने वाढल्या. पेशीविरहित रक्तद्रवापासून सिद्ध केलेल्या रसात त्या जवळजवळ स्तब्ध राहिल्या. त्याच रक्तद्रवात बिंबाणू व कॅल्शियम घालून तो गोठविला असता वाढविण्याचे सामर्थ्य पूर्ववत आले. त्याच वर्षी कोहलर व लिप्टन यांनी तंतुजनक पेशींच्या बाबतीत स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. रॉस यांच्या दृष्टीने ही वाढ रोगाचे कारण होती. रोहिणीची वाट अरुंद करणाऱ्या अनिष्ट प्रक्रियेचे मूळ ते शोधीत होते आणि बिंबाणू हा त्यांचा संशयित होता. पुढे ज्या गुणासाठी बिंबाणूंचा औषध म्हणून गौरव झाला, तो गुण प्रथम रोगाचा कर्ता म्हणून ओळखला गेला.

३. वृद्धिघटकांचे पृथक्करण

पेशींची वाढ घडवून आणणारे विशिष्ट प्रथिन शरीरात असते, ही कल्पना तोपर्यंत नवी राहिली नव्हती. रीता लेव्ही-मोंताल्चीनी व स्टॅन्ली कोएन यांनी १९५० नंतरच्या दशकात चेतावृद्धिघटकाचे कार्य सिद्ध केले होते, आणि १९६२ मध्ये कोएन यांनी त्वचेच्या बाह्यस्तरावर कार्य करणारा दुसरा घटक वेगळा केला होता. या कार्याबद्दल दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बिंबाणूंतील घटक शुद्ध स्वरूपात मिळविण्याचे काम १९७९ मध्ये अमेरिकेत हॅरी अँटोनिआडिस व त्यांचे सहकारी, आणि स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल-हेन्रिक हेल्डीन, बेंग्ट वेस्टरमार्क व त्यांचे सहकारी यांनी केले. त्यास बिंबाणुजन्य वृद्धिघटक असे नाव मिळाले. १९८३ मध्ये बिंबाणूंतूनच रूपांतरकारी वृद्धिघटक-बीटा हे दुसरे महत्त्वाचे प्रथिन वेगळे करण्यात आले.

त्याच १९८३ मध्ये दोन संशोधकगटांनी असे प्रसिद्ध केले की, बिंबाणुजन्य वृद्धिघटकाची रचना माकडात मांसार्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या कर्करोगकारक जनुकाशी जुळते. जखम भरणे, रोहिणी अरुंद होणे आणि अर्बुद वाढणे या तीन घटनांच्या मुळाशी एकाच जातीची आज्ञा असू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. तेव्हा ‘वृद्धी’ हा शब्द स्वतः शुभही नाही आणि अशुभही नाही. ती कोठे, किती आणि किती काळ होते, यावर तिचे फळ अवलंबून आहे.

आज जखम भरून येण्याच्या क्रियेचे जे चित्र मान्य आहे, ते थोडक्यात असे. रक्तवाहिनीचे अस्तर फाटले की त्याखालचे कोलॅजेन उघडे पडते. बिंबाणू त्यास चिकटतात, आपला आकार बदलतात आणि आपल्या कणिकांतील द्रव्ये बाहेर टाकतात. प्रत्येक बिंबाणूत सुमारे पन्नास ते ऐंशी आल्फा-कणिका असतात व वर उल्लेखिलेले वृद्धिघटक मुख्यतः त्यांतच साठविलेले असतात. बिंबाणुजन्य वृद्धिघटक तंतुजनक पेशींना जखमेकडे ओढतो व त्यांचे विभाजन घडवितो. रूपांतरकारी वृद्धिघटक त्यांच्याकडून कोलॅजेन निर्माण करवितो. वाहिनीअस्तराचा वृद्धिघटक नव्या केशवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतो. गुठळीतील फायब्रिनचे जाळे हा येणाऱ्या पेशींना चढण्यासाठी मांडव होय. रक्तस्तंभन, शोथ, पेशींची वाढ आणि पुनर्रचना या चार अवस्था अशा एकमेकींत मिसळत जातात.

परंतु या चित्रास तीन मर्यादा आहेत. एक, बिंबाणूंच्या कणिकांत नव्या वाहिन्यांना रोधणारी द्रव्येही असतात. त्यांचे सांद्रण केले असता उत्तेजक व रोधक दोन्ही वाढतात. दोन, बिंबाणू उत्तेजित झाल्यावर साठ्यातील बहुतांश द्रव्य पहिल्या तासाभरातच बाहेर पडते. त्यानंतर आठवडेच्या आठवडे चालणारे काम भक्षक पेशी व स्थानिक पेशी यांच्याकडे असते. तीन, या मार्गाने होणारी भरपाई ही बहुधा दुरुस्ती असते, पुनर्जनन नव्हे. जखमेच्या जागी वण येतो. मूळ ऊतक जसेच्या तसे क्वचितच येते. रूपांतरकारी वृद्धिघटक तर वण दाट करण्यास कारणीभूत होणारा घटक आहे. या तिन्ही गोष्टी उपचाराच्या प्रसारापूर्वी अथवा प्रसाराबरोबरच ज्ञात होत्या. प्रचारात मात्र त्यांना फारसे स्थान मिळाले नाही.

४. नावाचे मूळ

‘बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव’ ही संज्ञा जखमांच्या उपचारासाठी निर्माण झालेली नाही. ती रक्तपेढीत व रक्तविज्ञानाच्या प्रयोगशाळेत रुजली. गोठू न दिलेले रक्त मंद गतीने फिरविले की जड असलेल्या तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि बिंबाणू वरच्या द्रवात तरंगत राहतात. १९६२ मध्ये गुस्ताव्ह बॉर्न यांनी अशाच द्रवातून प्रकाशकिरण पाठवून बिंबाणूंचे पुंजके होण्याची क्रिया मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी गेडॉस, फ्रायराइश व मँटल यांनी रक्तकर्कात बिंबाणूंची संख्या व रक्तस्राव यांचे नाते आकड्यांनी मांडले, आणि बिंबाणूंच्या आधानाला भक्कम पाया मिळाला.

या संदर्भात ‘समृद्ध’ हा शब्द एका कृतीचे वर्णन करीत होता. द्रवात बिंबाणू अधिक आहेत, एवढाच त्याचा अर्थ. किती अधिक, पांढऱ्या पेशी त्यात आहेत की नाहीत, बिंबाणू शांत आहेत की उत्तेजित, हे त्या नावावरून कळत नसे. आणि रक्तविज्ञानास तशी गरजही नव्हती, कारण आधानाचे यश रुग्णाच्या रक्तातील बिंबाणू मोजून लगेच पडताळता येई. जखमेच्या उपचारासाठी हे नाव उसने घेतले गेले, तेव्हा ती पडताळणी मागेच राहिली.

५. व्रणचिकित्सेतील पहिले प्रयोग

रक्तातील द्रव्यांनी ऊतके जोडण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९४० मध्ये जॉन यंग व पीटर मेडावर यांनी तुटलेल्या चेतातंतूंची टोके गोठणाऱ्या रक्तद्रवाने सांधण्याचे प्रयोग केले होते. १९७० पासून व्हिएन्ना येथे हेलेने मात्रास यांनी फायब्रिनच्या चिकटद्रव्याचा मार्ग नव्याने खुला केला. परंतु या प्रयोगांत हेतू चिकटविण्याचा होता. वाढ घडविण्याच्या हेतूने बिंबाणूंचा अर्क वापरण्याचे पहिले ठळक उदाहरण १९८६ चे आहे.

मिनेसोटा विद्यापीठातील शल्यविशारद डेव्हिड नायटन व त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी ४९ रुग्णांच्या जुनाट व्रणांची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णांवर आधी सरासरी १९८ आठवडे रूढ उपचार झालेले होते. त्यांच्याच रक्तातील बिंबाणूंना थ्रॉम्बिनने उत्तेजित करून मिळालेला अर्क व्रणांवर लावण्यात आला, आणि व्रण पूर्ण भरण्यास सरासरी १०.६ आठवडे लागले. हा निकाल लक्षवेधक होता यात शंका नाही. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि अर्काबरोबरच व्रण स्वच्छ करणे, संसर्गाचा बंदोबस्त व नियमित देखरेख हेही झाले होते. त्यांपैकी कशाचा किती परिणाम, हे या हकीकतीवरून ठरविणे शक्य नव्हते. १९९० मध्ये याच गटाने तुलनात्मक चाचणी करून अनुकूल निष्कर्ष काढला. १९९१ मध्ये क्रुप्स्की व सहकाऱ्यांच्या लहानशा चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने या उपचाराचा खर्च देण्याचे नाकारले.

याच सुमारास दुसरी वाट चोखाळली गेली. रक्तातील मिश्रणाऐवजी एकच वृद्धिघटक जनुकतंत्राने शुद्ध रूपात बनवावा आणि औषधाप्रमाणे मापून द्यावा, ही ती वाट. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११८ मधुमेही रुग्णांच्या चाचणीत अशा बिंबाणुजन्य वृद्धिघटकाने ४८ टक्के, तर निष्क्रिय लेपाने २५ टक्के व्रण पूर्ण भरले. १९९७ मध्ये बेकॅप्लर्मिन या नावाने त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. २००८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने अधिक प्रमाणात लेप वापरणाऱ्यांतील कर्करोगमृत्यूंविषयी ठळक इशारा छापण्यास लावले व पुढील अभ्यासानंतर २०१८ मध्ये तो मागे घेतला. या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, शुद्ध औषध झाल्यामुळेच त्याची मात्रा, त्याचा लाभ आणि त्याचा धोका हे तिन्ही प्रश्न विचारता आले व त्यांची उत्तरेही मिळाली.

६. जबड्यापासून क्रीडांगणापर्यंत

मिश्रणाची वाट मात्र संपली नाही. ती मुखशल्यशास्त्रात पुन्हा उघडली. १९९७ मध्ये व्हिटमन व सहकाऱ्यांनी बिंबाणूंचा गोळा फायब्रिनच्या चिकटद्रव्याला पर्याय म्हणून सुचविला. १९९८ मध्ये मायामी येथील रॉबर्ट मार्क्स व सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या अस्थीतील मोठी खिंडारे भरण्यासाठी केलेल्या ८८ अस्थिरोपणांचा अहवाल दिला. निम्म्या रुग्णांच्या रोपणात बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव मिसळला होता. त्या रोपणांत अस्थी परिपक्व होण्याचा वेग १.६२ ते २.१६ पट आढळला, आणि सहा महिन्यांनी तुकड्यातील अस्थीचे प्रमाण सुमारे ७४ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ५५ टक्के होते.

या अहवालाने उपचारास नाव व प्रतिष्ठा दिली. येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. मार्क्स यांनी रोपण केले होते ते ताज्या शस्त्रक्रियेच्या जागी, जिवंत अस्थिपेशींसह आणि गुठळी टिकून राहील अशा बंदिस्त पोकळीत. शिवाय त्यांनी बिंबाणू मोजले होते व त्यांची संख्या मूळ रक्ताच्या तिपटीहून अधिक होती. पुढे हेच नाव ज्या उपचारांना मिळाले त्यांतील पुष्कळांत यांपैकी एकही अट पाळली गेली नाही. मार्क्स यांनाच २००१ मध्ये, कशास हे नाव द्यावे व कशास देऊ नये, या विषयावर लिहावे लागले; दर घनमिलिमीटरला सुमारे दहा लाख बिंबाणू, हे माप त्यांनी सुचविले. निरोगी रक्तात ही संख्या दीड ते चार लाख असते.

त्यानंतरच्या प्रसारास यंत्रांनी हातभार लावला. आरंभी चारशे-साडेचारशे मिलिलिटर रक्त व शस्त्रक्रियागृहातील मोठे यंत्र लागे. आता मेजावर मावणारे यंत्र आणि वीस ते साठ मिलिलिटर रक्त पुरेसे झाले. अमेरिकेत मान्यता यंत्राला मिळे, ती मुख्यतः अस्थिरोपणात मिसळण्याच्या द्रवासाठी. तो द्रव सांध्यात टोचणे हा वैद्याच्या स्वेच्छेचा भाग राहिला. त्यामुळे नव्या औषधाला जी परीक्षा द्यावी लागते, ती या उपचारास बाजारात येण्यापूर्वी द्यावी लागली नाही.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियातील मिश्रा व पॅव्हेल्को यांनी कोपराच्या कंडरेच्या जुनाट विकारावरील अनुभव प्रसिद्ध केला. पंधरा रुग्णांना बिंबाणू व पाच जणांना केवळ बधिरीकरणाचे औषध दिले होते. आठ आठवड्यांनी वेदना पहिल्या गटात ६० टक्क्यांनी व दुसऱ्यात १६ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु त्यानंतर पाचपैकी तिघे दुसऱ्या गटातून बाहेर पडले व दीर्घ तुलना तेथेच खुंटली. एवढ्या लहान अभ्यासाचा गाजावाजा होण्यास क्रीडाक्षेत्र कारण झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे खेळाडू हाइन्स वॉर्ड हे गुडघ्याच्या दुखापतीवर हा उपचार घेऊन अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात उतरले आणि वृत्तपत्रांनी त्यास मोठी प्रसिद्धी दिली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० च्या सूचीत हा द्रव स्नायूत टोचण्यास मनाई केली व २०११ च्या सूचीतून ती काढून टाकली, कारण त्याने उपचारापलीकडे खेळाडूचे सामर्थ्य वाढते असा पुरावा नव्हता. शुद्ध वृद्धिघटक मात्र निषिद्धच राहिले.

७. चाचण्यांचा निकाल

ज्या जानेवारीत ती मनाई अमलात आली, त्याच जानेवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधील द व्होस व सहकाऱ्यांनी टाचेच्या कंडरेच्या जुनाट विकारावरील दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध केली. ५४ रुग्णांपैकी निम्म्यांना बिंबाणू व निम्म्यांना लवणद्राव टोचला होता. व्यायाम सर्वांना सारखा होता. २४ आठवड्यांनी प्रकृतिमापन पहिल्या गटात २१.७ व दुसऱ्यात २०.५ गुणांनी सुधारले. दोन्ही गट बरे झाले. फरक जवळजवळ नव्हता. बिंबाणू न मिळालेल्या गटाची ही सुधारणा पाहिली म्हणजे तुलनागटाशिवाय लिहिलेल्या हकीकतींचे मोल किती धरावे, हे कळते.

त्याच वर्षी त्याच देशातील पेअरबूम्स व सहकाऱ्यांनी कोपराच्या शंभर रुग्णांत बिंबाणूंची तुलना स्टेरॉइडच्या सुईशी केली. वर्षाअखेर यश अनुक्रमे ७३ व ४९ टक्के होते. हा निकाल उपचाराच्या बाजूने वारंवार पुढे केला जातो. परंतु स्टेरॉइडने कोपराचे दुखणे आरंभी थांबून पुढे उलटण्याची प्रवृत्ती आहे, हे अन्य अभ्यासांनी दाखविले आहे. तेव्हा येथे एक उपचार चांगला ठरला की दुसरा वाईट ठरला, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

गुडघ्याच्या झिजेच्या बाबतीत चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील पटेल, धिल्लों व सहकाऱ्यांचे २०१३ चे कार्य अग्रगण्य मानले जाते. ७८ रुग्णांच्या १५६ गुडघ्यांची तीन गटांत विभागणी करून एकास एक सुई, दुसऱ्यास दोन सुया व तिसऱ्यास लवणद्राव देण्यात आला. बिंबाणूंचे दोन्ही गट लवणद्रावाहून स्पष्टपणे सरस ठरले, एका सुईने दोन सुयांइतकाच गुण आला, आणि सहा महिन्यांच्या सुमारास लाभ ओसरू लागला. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेनेल व सहकाऱ्यांनी २८८ रुग्णांवर, एकेका आठवड्याच्या अंतराने तीन सुया देऊन, वर्षभर चाललेली चाचणी प्रसिद्ध केली. वेदना एका गटात २.१ व लवणद्रावाच्या गटात १.८ गुणांनी उतरल्या. कूर्चेचे घनफळ अनुक्रमे १.४ व १.२ टक्क्यांनी घटले. दोन्ही फरक नगण्य होते. कूर्चा नव्याने निर्माण होते, या दाव्यास तर या मोजमापाने कोणताच आधार दिला नाही.

टाचेची कंडरा तुटलेल्या २३० रुग्णांवरील २०१९ ची ब्रिटिश चाचणी, त्याच कंडरेच्या जुनाट विकारावरील २४० रुग्णांची २०२१ ची ब्रिटिश चाचणी आणि घोट्याच्या झिजेवरील शंभर रुग्णांची २०२१ ची डच चाचणी, या तिन्हींत बिंबाणूंचा लाभ सिद्ध झाला नाही.

मग परस्परविरोधी निकालांची संगती कशी लावावी? ऑस्ट्रेलियातील चाचणीवर असा आक्षेप आला की, तेथील द्रवात बिंबाणूंची संख्या साध्या रक्ताहून फारशी अधिक नव्हती. भारतातूनच २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्यात टोचलेल्या बिंबाणूंची एकूण संख्या सुमारे एक हजार कोटी असावी, असे प्रतिपादन आहे. हे आक्षेप विचारार्ह आहेत. पण ते दुधारी आहेत. द्रवातील बिंबाणूंची संख्या निर्णायक असेल, तर ती न मोजता केलेल्या अभ्यासांतील अनुकूल निष्कर्षही तितकेच निराधार ठरतात. २०१७ मध्ये चाहला व सहकाऱ्यांनी स्नायू-अस्थिविकारांवरील १०५ अभ्यास तपासले, तेव्हा द्रव सिद्ध करण्याची कृती पुरेशा तपशिलाने केवळ १० टक्के अभ्यासांत आणि त्या द्रवाच्या घटनेचे आकडे केवळ १६ टक्के अभ्यासांत दिलेले आढळले. पांढऱ्या पेशी व फायब्रिनचे जाळे यांवरून या द्रवाचे चार वर्ग २००९ मध्येच डोहान एरेनफेस्ट व सहकाऱ्यांनी केले होते. वर्गीकरण उपलब्ध असूनही व्यवहार एकाच नावाने चालू राहिला.

८. उपसंहार

वरील इतिहासावरून ‘म्हणून’ या शब्दाचे स्थान निश्चित करता येते. रॉस यांच्या पात्रात बिंबाणूंचा अर्क आणि वाढणाऱ्या पेशी यांच्यामध्ये दुसरे काही नव्हते. तेथे अनुमान निर्दोष होते. नायटन यांच्या व्रणात अन्य उपचारांची भर पडली आणि ते सैल झाले. मार्क्स यांच्या जबड्यात ते विशिष्ट अटींवर टिकले. कंडरा व गुडघा यांत ते नेण्यात आले तेव्हा अटी सुटल्या होत्या आणि नाव तेवढे सोबत होते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तेथे इजेनंतर बिंबाणू आपोआप पोहोचत नाहीत. ते बाहेरून पोहोचवावेत, ही कल्पना तर्काला धरून आहे. परंतु तर्काला धरून असणे आणि फलद्रूप होणे या भिन्न गोष्टी असून दुसरीची साक्ष केवळ चाचणीच देऊ शकते.

या उपचाराच्या वाटचालीतील शेवटची घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जुनाट व्रणांवरील दहा चाचण्यांचे, एकूण ४४२ रुग्णांचे, कॉक्रेन संस्थेचे समालोचन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहींच्या पायाच्या व्रणांना रुग्णाच्याच बिंबाणूंचा लाभ होत असावा, मात्र पुरावा दुय्यम दर्जाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२१ मध्ये मेडिकेअर योजनेने याच एका व्रणप्रकारासाठी वीस आठवड्यांपर्यंत खर्च मान्य केला. अन्य जुनाट व्रणांविषयीचा निर्णय स्थानिक यंत्रणांवर सोपविला. जेथून १९८६ मध्ये आरंभ झाला होता त्या क्षेत्रातच, पस्तीस वर्षांनी, मर्यादित स्वरूपात का होईना, प्रमाण मान्य झाले.

या विषयाच्या पुढील अभ्यासकाने म्हणूनच ‘हा उपचार गुणकारी आहे काय’ हा प्रश्न त्याच स्वरूपात विचारू नये. कोणत्या कृतीने केलेला द्रव, त्यात बिंबाणू किती, पांढऱ्या पेशी किती, कोणत्या ऊतकात, रोगाच्या कोणत्या अवस्थेत आणि कशाच्या तुलनेत, असा तो विचारला पाहिजे. द्रवातील बिंबाणू मोजण्यास लागणारे साधन साध्या रक्तपरीक्षेच्या प्रयोगशाळेतही असते. रुग्णाचे पैसे आणि त्याची आशा ज्या सुईवर खर्च होतात, तिच्यात काय आहे याची नोंद ठेवणे ही फार मोठी मागणी नव्हे. आणि ती नोंद असल्यावाचून या उपचाराचा इतिहास पुढेही अनुकूल व प्रतिकूल हकीकतींची यादीच राहील.